संकासुराचे अंतराळातील सोयरे

वडीलधाऱ्या मंडळींची एक तक्रार अलीकडे कीर्तनानंतरच्या गप्पांत हटकून ऐकू येते. मुले परदेशी विज्ञानपट पाहतात, त्यांत ग्रहच्या ग्रह भस्म करणारे राक्षस असतात, आणि मुले नायकाला सोडून त्या राक्षसांचीच बाजू घेऊ लागतात. 'त्याचेही काही अगदीच चुकले नव्हते' हे वाक्य बारा वर्षांच्या नातवाच्या तोंडून ऐकले की आजोबांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी सर्वस्वी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु मंडळी तिचे कारण जेथे शोधतात तेथे ते नाही, असे मला वाटते. आणि ते दाखविण्यासाठी प्रथम आपल्याच अंगणातील एका असुराची गाठ घेणे सोयीचे पडेल.

लोंढ्याहून घाट उतरून खाली गेले की दशावतारी खेळांचा मुलूख लागतो. जत्रेच्या रात्री देवळापुढे गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, मोरावरची सरस्वती येते, आणि मग काळ्या पेहरावातला, तोंडावरून काळे फडके ओढलेला संकासुर येतो. वेद चोरणारा हा असुर. थोड्याच वेळात विष्णूच्या हातून मरावयाचा. परंतु गोष्ट अशी की, देव जेथे संस्कृतप्रचुर मराठीत बोलतात तेथे संकासुर गावच्या बोलीत बोलतो. तो भटजींची थट्टा करतो, गावातल्या मातब्बरांना चिमटे काढतो, आणि मागे बसलेल्या बायकापोरांना खळखळून हसवितो. गोव्यातील देवळांच्या काल्यातही त्याचा मान असाच आहे. त्या रात्रीपुरती देवांची भाषा मराठी आणि असुराची भाषा कोंकणी, हा विभाग कोणा नाटककाराने विचारपूर्वक केला असेल असे वाटत नाही. तो आपोआप घडला, आणि म्हणूनच तो विचार करण्याजोगा आहे. प्रेक्षक नमस्कार देवाला करतो. आपले माणूस मात्र त्याला संकासुरात सापडते.

नरकासुराची गोष्ट तर याहून सोपी. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यातील वाड्यावाड्यांतून त्याच्या प्रतिमा उभ्या राहतात. पोरे आठवडाच्या आठवडा खपून त्याचे दात, त्याच्या मिश्या, त्याचे डोळे घडवितात. शेजारी कृष्ण असतो तो वीतभर, पुष्कळदा बाजारातून आणलेला. यावर टीका होते आणि ती रास्तही आहे. परंतु हा असुर कोण? पुराणांच्या मते भूमीचा पुत्र, म्हणूनच त्याला भौमासुर म्हणतात. आणि पिता वराहरूपी विष्णू. म्हणजे कृष्णाने मारला तो आपल्याच पूर्वावताराचा मुलगा. ही गुंतागुंत कोणा परदेशी पटकथालेखकाने आपल्याला शिकविलेली नाही.

सकाळी उठून ज्या सात चिरंजीवांचे स्मरण करावे असे सांगितले आहे त्यांची यादी एकदा नीट पाहावी. पहिले नाव अश्वत्थाम्याचे. झोपलेल्या मुलांच्या गळ्यावर शस्त्र चालविणारा हा मनुष्य. दुसरे नाव बळीचे, म्हणजे एका असुराचे. व्यास आणि हनुमंत त्यांच्या मागून येतात. ही यादी आपण इतक्या वेळा म्हटली आहे की ती विलक्षण आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही.

तेव्हा खलपुरुषाविषयी आस्था वाटणे हे नवे नाही आणि परकेही नाही. नवे आहे ते आस्थेचे कारण. आपल्या पुराणांतील असुर मोठा असतो तो त्याच्या पुण्याईने. रावण तप करतो, वेद जाणतो. हिरण्यकशिपूचे तप ब्रह्मदेवाला खाली यावयास लावते. बळीचे दातृत्व असे की गुरूने बजावले असूनही तो दिला शब्द फिरवीत नाही. त्याच्या ठिकाणी खरोखरीचा गुण असतो आणि त्या गुणाच्या पोटीच त्याचा नाश असतो. जय-विजयांच्या कथेने तर यावर कळस चढविला: देवाचे द्वारपाल शाप भोगण्यासाठी तीन जन्म त्याचे वैरी होतात, आणि वैर हीच त्यांची वाट ठरते. आपल्या सांप्रदायिकांनी त्याला विरोधभक्ती असे नाव दिले. विज्ञानपटांतील खलपुरुषाचे मोठेपण मात्र बहुधा जखमेवर उभे असते. लहानपणी त्याचे काही तरी हिरावलेले असते. ती जखम आपल्याला दाखविली जाते, आणि पुढे तो जे करतो त्याला ती उत्तर म्हणून पुरे पडावी अशी अपेक्षा असते.

जखमेवर उभ्या असलेल्या या घराण्याचा मूळ पुरुष आपलाच देशबांधव आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. फ्रेंच कादंबरीकार झ्यूल व्हेर्न याने 1870 साली समुद्राखालून फिरणाऱ्या नॉटिलस नौकेची कथा पुस्तकरूपाने पुरी केली. तिचा कप्तान नेमो हा विद्वान, संगीतप्रेमी, दीनांना सोने पोचविणारा, आणि तरीही एक युद्धनौका सगळ्या माणसांनिशी बुडवून टाकणारा. लेखकाच्या मनात तो प्रथम रशियाने पिडलेला पोलिश सरदार होता. प्रकाशकाला ते परवडेना, म्हणून त्या पुस्तकात त्याचे मूळच सांगितलेले नाही. 1875 च्या पुढील कथेत ते उघड झाले: नेमो म्हणजे बुंदेलखंडातील राजपुत्र डक्कर, 1857 च्या बंडात लढलेला, ज्याची बायकोमुले इंग्रजांच्या सूडात गेली. (त्याला टिपू सुलतानाचा पुतण्याही केले आहे, व्हेर्नचा भूगोल त्याच्या वंशशास्त्राहून बरा होता.) इंग्रजी वाचकाला जो खुनी वाटला असता तो आपल्याला बंडवाला वाटतो. लोंढ्याच्या माणसाला हे समजावून सांगावयास नको. येथून जवळच नंदगडास 1831 साली संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिले. सरकारी कागदांत तो बंडखोर होता, आणि आज त्याच्या समाधीशी लोक नवस बोलतात.

परंतु नेमोच्या बाबतीत व्हेर्नने एक शहाणपण केले. जखम सांगितली ती अगदी शेवटी, मरणाच्या उंबरठ्यावर. आणि सांगून झाल्यावरही ऐकणाऱ्यांनी त्याला निर्दोष ठरविले असे दाखविले नाही. पुढच्या मंडळींना हा संयम राखता आला नाही. 'स्टार वॉर्स' या चित्रमालिकेचा डार्थ व्हेडर 1977 साली पडद्यावर आला तेव्हा तो काळा मुखवटा आणि त्यामागून येणारा जड श्वास एवढाच होता, आणि तेवढ्याने तो थिएटरात बसलेल्यांचा थरकाप उडवीत असे. 1980 च्या दुसऱ्या चित्रपटात तो नायकाचा बाप असल्याचे उघड झाले. 1983 मध्ये, मुलाने बापावर शस्त्र चालविण्याचे नाकारले तेव्हा, त्याने आपल्याच सम्राटाला खाली फेकून मुलाचा जीव वाचविला आणि स्वतः मेला. येथवरची रचना जोरकस आहे. तिच्यात आपल्या विरोधभक्तीची अंधुकशी आठवण होते. मग 1999 ते 2005 या काळात आणखी तीन चित्रपट काढून तो लहानपणी गुलाम कसा होता, त्याची आई कशी मेली, पत्नी जाईल या भीतीने तो कसा घसरला, हे सारे इत्थंभूत सांगण्यात आले. मुखवट्यामागचे रहस्य गेले, आणि त्याच्या जागी डॉक्टरी कागदपत्रांसारखी एक कैफियत हाती आली.

माझा खरा आक्षेप मात्र याहून निराळा आहे. पहिल्या चित्रपटात राजकन्या लेयाचा संपूर्ण ग्रह तिच्या डोळ्यांदेखत नष्ट केला जातो. हुकूम दुसऱ्याचा असतो. पण तिला धरून उभा असतो तो व्हेडर. तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी त्याला क्षमा मिळते ती मुलाकडून, ज्याचा एक हात त्याने तोडला. एका हाताची क्षमा मुलाने खुशाल करावी. त्या ग्रहावरच्या कोट्यवधींच्या वतीने ती कोणी केली? लेया त्याचीच मुलगी निघते. तिला त्या अखेरीत कोणी एक शब्द विचारीत नाही. चिता जळते, वाद्ये वाजतात, आणि मेलेला बाप तेजोमय रूपाने हसत उभा राहतो. आजोबांच्या कपाळावरील आठीला कारण असेलच तर ते येथे आहे. खलपुरुषाची बाजू ऐकून घेतली म्हणून काही बिघडत नाही. त्याची बाजू ऐकताना दुसरी बाजू दालनाबाहेर उभी ठेवली जाते, तेथे बिघडते.

मार्व्हलच्या चित्रमालिकेतील थॅनोस हा या दृष्टीने अधिक कठीण प्रश्न आहे. 2018 आणि 2019 च्या दोन चित्रपटांत त्याचे मुख्य काम आहे. त्याला राज्य नको, संपत्ती नको, स्तुतीही नको. त्याचा स्वतःचा ग्रह माणसे अधिक आणि अन्न थोडे होऊन ओसाड पडला. म्हणून विश्वातील निम्मे जीव, राव-रंक असा भेद न करता, एका क्षणात नाहीसे करावेत आणि उरलेल्यांना सुखाने जगू द्यावे, असा त्याचा हिशेब. यासाठी आपल्या लाडक्या मुलीचा बळी देताना तो रडतो, आणि ते रडणे खोटे नसते. मुले फसतात ती येथे, आणि मोठेही फसतात. कारण हा मनुष्य निःस्वार्थी आहे.

आपल्या वाचकाला तर त्याच्या बोलण्यात ओळखीचा सूर लागेल. भूमी भाराने खचली, ती गाईच्या रूपाने ब्रह्मदेवाकडे गेली, आणि तो भार उतरविण्यासाठी अवतार झाला, ही कथा आपण दर गोकुळाष्टमीला ऐकतो. मग थॅनोस काय निराळे करतो? पुराणाचे उत्तर स्पष्ट आहे. तेथला भार माणसांच्या संख्येचा नाही. उन्मत्त राजांच्या सैन्यांचा आणि अधर्माचा आहे. आणि तो उतरविणाऱ्याला गांधारीचा शाप खाली मान घालून घ्यावा लागतो, स्वतःचे यादवकुळ डोळ्यांसमोर बुडताना पाहावे लागते. हिशेब करणारा हिशेबाच्या बाहेर राहत नाही. थॅनोस आपले काम संपवून एका हिरव्या रानात शेती करीत बसतो.

शिवाय हा हिशेब आपल्याकडे नुसता कल्पनेतला नाही. 1876 ते 1878 च्या दुष्काळाने बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळले. माल्थस या इंग्रज पंडिताने 1798 साली मांडलेले लोकसंख्येचे आणि अन्नाचे गणित तोवर कारभाऱ्यांच्या अंगवळणी पडले होते. व्हाइसरॉय लिटन याने धान्याच्या व्यापारात हात घालावयाचे नाकारले. सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामांवर राबणाऱ्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या बेताने उतरविली. हे लोक रक्तपिपासू नव्हते. घरी प्रेमळ असतील, रविवारी प्रार्थनेला जात असतील. त्यांना आपण जगाचे कठोर पण अंतिम हित करीत आहोत असे वाटत होते. थॅनोसच्या तोंडी घातलेले शांत, थकलेले, समजूतदार बोलणे ऐकताना मला त्या काळच्या सरकारी अहवालांची आठवण झाली. या चित्रपटाचे लेखक अमेरिकेत बसून लिहीत होते. बेळगावचा दुष्काळ त्यांच्या मनात असण्याचे कारण नाही. तरी त्यांनी घडविलेला राक्षस खरा उतरला आहे, कारण असे राक्षस झालेले आहेत. फरक इतकाच की, आपल्याकडे दुसरी बाजूही कागदावर आली. मजुरी कापली तेव्हा मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून दुष्काळाची वृत्ते सरकारकडे धाडली.

चित्रपटाच्या बाजूने सांगावयाचे तर तेथेही एक पात्र अशी वृत्ते देणारे आहे: थॅनोसची दुसरी मुलगी नेब्युला. प्रत्येक झुंजीत हरली की बाप तिच्या शरीराचा एकेक भाग काढून तेथे यंत्र बसवितो. दुसऱ्या चित्रपटाच्या आरंभी, पकडला गेलेला थॅनोस आपण मणी नष्ट केल्याचे सांगतो, तेव्हा 'माझा बाप पुष्कळ काही आहे, पण खोटारडा नाही' अशा अर्थाची साक्ष तीच देते. तो तिचे आभार मानतो, कदाचित आपण तिच्याशी फार कठोर वागलो असेही म्हणतो, आणि तत्क्षणी दुसऱ्याची कुऱ्हाड त्याच्या मानेवर पडते. क्षमा मागितली की नाही, मिळाली की नाही, हे अधांतरी राहते. एवढ्या गदारोळाच्या चित्रपटात हा अर्धा मिनिट मला सर्वांत मोलाचा वाटला.

आपल्या देशातील विज्ञानपटांविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथे लिहिण्याजोगे थोडेच आहे. शंकर यांच्या 2010 च्या 'एंधिरन'मधील चिट्टी हा यंत्रमानव भावना शिकतो, प्रेमात पडतो, नाकारला जातो आणि बिघडतो. शेवटी न्यायालयाच्या आज्ञेने स्वतःच्या हातांनी स्वतःचे भाग सुटे करतो. तो प्रसंग चांगला आहे. याच मालेतील 2018 च्या '2.0' चा खलपुरुष पक्षिराजन हा त्याहून मोठा होऊ शकला असता. पक्ष्यांवर जीव लावणारा म्हातारा शास्त्रज्ञ, मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे पक्षी मरतात म्हणून ओरडून ओरडून थकतो, कोणी ऐकत नाही, आणि त्याच मनोऱ्याला गळफास लावून घेतो. मनोऱ्यांवरील हा आरोप विज्ञानाने सिद्ध केलेला नाही, ही गोष्ट वेगळी. पण पात्र म्हणून तो माणूस उभा राहतो. पुढे मात्र लेखकाने त्याला लाखो मोबाइलांचा बनलेला एक प्रचंड गिधाडराक्षस करून टाकले, आणि अर्धा तास आतषबाजी झाली. त्याचा प्रश्न शेवटी भाषणात उरकला. खलपुरुषाला आधी रडवून मग फटाक्यासारखा उडवावयाचा, ही या धंद्याची रीत होऊन बसली आहे.

मराठीत हा विषय अधिक संयमाने हाताळला गेला. कोल्हापुरात 1938 साली जन्मलेले आणि 2025 मध्ये दिवंगत झालेले जयंत नारळीकर यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा धाडली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचा खलपुरुष यंत्रमानव आहे, आणि त्याचे नाव वामन! जमिनीच्या पोटात सापडलेल्या, एका लुप्त संस्कृतीच्या ज्ञानातून तो घडतो. तो आज्ञाधारक आहे, बुद्धिमान आहे, आणि त्याला हवे आहे ते एकच: आपल्यासारखे दुसरे घडविण्याची विद्या. देवळात वाढलेल्या वाचकाला हे नाव प्रथम खुपेल. थोडे थांबून पाहावे. पुराणात मागणारा बटू देव आहे आणि देणारा बळी असुर. तरी दिवाळीच्या पाडव्याला आपण राज्य मागतो ते बळीचे. मागणारा लहान दिसतो, मागणेही लहान दिसते, आणि तिसरे पाऊल डोक्यावर येते. नारळीकरांनी देवाला राक्षस केलेले नाही. दान देणाऱ्या माणसाला त्यांनी बळीच्या जागी बसविले आहे, आणि शुक्राचार्यांचा इशारा पुन्हा आठवावयास लावला आहे. नारळीकरांची पात्रे पुष्कळदा व्याख्यानासारखी बोलतात हा दोष येथेही आहे. वामनाच्या मनात डोकावण्याची संधी त्यांनी जवळजवळ सोडूनच दिली. स्वतःसारखे कोणी असावे ही इच्छा तर प्रत्येक जिवाची. तिच्यात पाप कोठून सुरू होते, हा प्रश्न कादंबरीने उभा केला आणि कथानकाच्या घाईत मागे टाकला. तरी नाव मात्र अचूक पडले.

राहिला अश्वत्थामा. नाग अश्विन यांच्या 2024 च्या 'कल्की 2898 एडी' या तेलुगू चित्रपटात तो पुन्हा अवतरला आहे. येथील अधिकृत खलपुरुष यास्किन हा गर्भवती स्त्रियांच्या गर्भातून सत्त्व काढून स्वतःचे आयुष्य वाढवितो. कल्पना भयंकर आहे, व्यक्ती पोकळ आहे. चित्रपट तोलून धरतो तो अश्वत्थामा. उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकणाऱ्या या माणसाला कृष्णाचा शाप आहेच. पण त्यासोबत, पुढे जेव्हा देव पुन्हा गर्भात येईल तेव्हा त्या गर्भाचे रक्षण तू कर, असे कामही दिलेले आहे. मूळ महाभारतात हे नाही. परंतु पटकथाकाराची ही भर मला पटली. ज्या ठिकाणी पाप केले त्याच ठिकाणी सहस्र वर्षांनी पहारा द्यावयाचा. कपाळाची जखम घेऊन दारोदार तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या आजीच्या गोष्टींत आहे, आणि त्या गोष्टीत त्याला करावयास काहीच नसते. तो नुसता फिरतो. चित्रपटाने त्याला काम दिले. येथे जखम ही सबब म्हणून आलेली नाही, हेही ध्यानात घ्यावे. ती त्याच्या पापाआधीची नाही; पापानंतरची आहे.

तरीही मघाचा प्रश्न येथे पुन्हा येतो. त्याला हे काम देण्याचा अधिकार कोणाचा? कृष्णाचा, असे चित्रपट म्हणतो आणि पुढे जातो. भागवताच्या प्रथम स्कंधात हे इतक्या सहज होत नाही. अर्जुन त्याला पशूसारखा बांधून शिबिरात आणतो, ज्या बाईची पाच मुले झोपेत मेली तिच्यापुढे उभा करतो, आणि सगळे तिच्याकडे पाहतात. भीमाला तो मेलेला हवा आहे. धर्मराज, अर्जुन, स्वतः कृष्ण तेथे उभे आहेत; पण आधी बोलते ती द्रौपदी. सोडा याला, म्हणते. मी जशी रडते आहे तशी याची आई कृपी रडू नये. त्याने काही चूक केली नव्हती असे ती म्हणत नाही. त्याच्या लहानपणाच्या दारिद्र्याची, दूध म्हणून पाण्यात कालविलेले पीठ प्याल्याची ती कथा तेथे कोणी काढीत नाही, जरी ती कथा सर्वांना ठाऊक आहे. मग त्याच्या मस्तकातला मणी केसांसकट कापून काढला जातो, आणि त्याला शिबिराबाहेर हाकलून देतात.

बारा वर्षांच्या नातवाला व्हेडरची गोष्ट सांगता येते, तशी ही गोष्टही सांगता येईल. लेयाला कोणी का विचारले नाही, हे त्याने मग आपल्या मनाशी ठरवावे.